वाटीभर येसर

३ मार्च

हिंगोलीच्या प्रशिक्षणात ही डायरी फुकट मिळाली. सोबत पेन, पिशवी आणि दुपारचं जेवण. वरण पाण्यासारखं होतं, पेन मात्र झकास चालतं. साहेब म्हणाले, रोज लिहा, आज आपण उद्योजकाचा कोणता गुण वापरला. रोज लिहायला मला कुणी पगार देणार नाही, तेव्हा जमेल तसं लिहीन.

गुण त्यांनी फळ्यावर लिहिले होते. धाडस, शिस्त, गोड बोलणं, आणि सगळ्यात शेवटी, खाली दोन रेघा ओढून, 'नाही' म्हणता येणं. "ओळखीच्या माणसांना फुकट वाटत बसाल तर धंदा उभा राहायच्या आधीच बसेल," असं म्हणाले आणि नेमकं माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावरच लिहिलेलं असावं.

साहेब नगरकडचे. त्यांना येसर माहीत नव्हतं. मी सांगितलं, बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ खमंग भाजायची, धने, खोबरं, मिरची, दगडफूल वेगळं भाजायचं, मग सगळं एकत्र दळायचं. आमच्याकडे लग्नात येसराच्या आमटीशिवाय पंगत उठत नाही. साहेब म्हणाले, "म्हणजे मसाला." मी म्हटलं, "मसाला न्हाई साहेब, येसर." बाजूच्या बाया हसल्या. गोड बोलण्याचा गुण तिथंच गेला.

बाकीचे गुणही तपासून पाहिले. धाडस म्हणावं तर हिंगोलीला गेले तेसुद्धा नवऱ्याच्याच जीपमध्ये बसून. शिस्त म्हणावी तर माझ्या स्वयंपाकघरात मिठाचा डबा कुठे आहे ते मीच सगळ्यांना विचारत असते. आरोहीनं माझं नाव घातलं म्हणून गेले, नाहीतर मला कोण विचारतं? पोरगी हिंगोलीला कॉलेजात आहे, तिला वाटतं आपली आई काहीतरी करू शकते. देव तिला असंच आंधळं ठेवो.

५ मार्च

घरात बैठक झाली. आमच्या गोरेगावातल्या रस्त्याकडे तोंड असलेली घराची पुढची खोली मी मागितली. भट्टी, डबे, वजनकाटा तिथं ठेवायचा. आरोहीचे पप्पा खूप वेळ मिशी ओढत बसले. शेवटी म्हणाले, "आखितीपर्यंत बघ. जमलं तर तुझी खोली. न्हाई जमलं तर मी ती जळबाला देतो. तो मोबाइलचं दुकान टाकायला कवाचा मागं लागला हाय."

अक्षय तृतीया एप्रिलच्या शेवटाला आहे. तोवर काय होईल ते होईल. मला ती खोली पाहिजे. लग्न झाल्यापासून मी त्या खोलीत फक्त पाहुण्यांना चहा द्यायला गेले आहे.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई द्वारकाबाई, भिंतीला टेकून ऐकत होत्या. येसर मला त्यांनीच शिकवलं. त्यांना बरं वाटेल असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "येसर इकायचं नसतंय जनके. येसर द्यायचं असतंय." आणि उठून गाईकडे गेल्या. खोलीत पाऊल टाकणार नाही, असंही जाता जाता सांगितलं. त्या बोलल्या की बोलल्या, परत वळत नाहीत.

तरी नवऱ्यानं खोली दिली. जीपमध्ये दिवसभर माणसं कोंबून दमतो तो माणूस, त्याला मोबाइलवाल्याचं भाडं आयतं मिळालं असतं. त्याचे आभार इथं मानते, तोंडावर मानले तर चढेल.

१२ मार्च

पहिलं येसर दळून झालं. गावात गिरण्या आहेत, पण मसाल्याचं काही आणलं की गिरणीवाले हात जोडतात, पुढच्या माणसाच्या पिठाला वास लागतो म्हणून. अल्लाबक्षभाईंची गिरणी त्यांची बायको रहमतबी चालवते. भाई फक्त पट्टा बदलतात आणि रागावतात. मी दारात उभी राहून सांगितलं, एवढं दळून दे. रहमतबी म्हणाली, "सगळ्याचं दळण झाल्यावर आण. मंग मी दोन मुठी ज्वारी घालून दगड धुऊन घेते."

त्या दगड धुतलेल्या पिठाला तिखटाचा वास लागतो, ते विकता येत नाही. रहमतबी त्याचे धपाटे करणार आहे. भाई म्हणाले, "तुमचा धंदा चालला तर आमाला जलमभर धपाटेच खावे लागतीन."

रोजे चालू आहेत, त्यामुळे ती चाखून सांगू शकत नाही. मूठभर येसर नाकाशी धरून डोळे मिटले आणि म्हणाली, "धने जरा कमी भाजले तू." मला राग आला. मी म्हटलं, बराबर भाजले आहेत. घरी येऊन बघितलं तर कमीच भाजलेले. उद्या परत जाऊन सांगावं लागणार.

१६ मार्च

आज साहेबांनी पाहिलं असतं तर डायरी परत मागितली असती.

सकाळपासून येसर मागायला बाया वाटी घेऊन येत आहेत. शेजारीण वाटी घेऊन दारात उभी राहिली की तिला रिकामी पाठवायची नाही, हे मला कुणी शिकवलं नाही आणि विसरायलाही कुणी शिकवलेलं नाही. विकत कुणी घेत नाही. उलट, कुणाला विकत घे म्हटलं तर तिला वाटतं आपल्याला हातानं येसर करता येत नाही असं हिनं सुचवलं.

सगळ्यात कहर जळबाच्या मायचा. जिच्या पोराला माझी खोली पाहिजे, ती बाई वाटी नव्हे, चांगला वाडगा घेऊन आली. म्हणाली, "जनके, तुह्या येसराबिगर माझं पोट भरून न्हाई राहिलं." मनात म्हटलं, पोट माझ्या येसरानं भर आणि पोराला माझ्या खोलीत बसव. पण वाडगा भरला. वर दाबूनही भरला. आता लिहिताना माझाच राग येतो आहे.

ज्या हात हलवत आल्या त्यांना माझ्याच वाटीत भरून दिलं, त्या वाट्या मात्र परत कुणी दिलेल्या नाहीत. आमच्याकडे रिकामी वाटी परत देत नाहीत, आणि उन्हाळ्यात कुणाच्या घरात द्यायला काय असणार? म्हणून माझ्या वाट्या गावभर. कुणाकडे कोणती ते मला पाठ आहे. एवढी पाठांतराची बुद्धी शाळेत असती तर मी दहावीला गणितात गेले नसते.

२५ मार्च

आज एक नवल घडलं. हिंगोलीहून धर्मसिंग नावाचा आचारी फटफटीवर आला. लग्नाच्या मोठ्या पंगती करतो. आमच्या गल्लीतल्या एकीनं माझ्याकडून नेलेलं येसर लेकीला सेनगावला पाठवलं, लेकीकडे बारसं होतं, बारशाच्या स्वयंपाकाला हा होता. त्यानं आमटी केली, आणि मग विचारत विचारत गोरेगावला आला.

सेनगावच्या भीमसिंगांच्या मुलीचं लग्न चोवीस एप्रिलला आहे. त्या लग्नाचं सगळं येसर माझं. आणि ते पसंत पडलं तर पुढच्या सगळ्या लग्नांचं. दारात उभं राहून म्हणाला, "मावशी, माल एकसारखा पाहिजे. पहिल्या पंगतीला जी चव, तीच शेवटच्या पंगतीला."

मी व्हय व्हय म्हणत राहिले. तो गेल्यावर पोत्यावर बसले.

याला नशीब म्हणायचं. त्या बाईनं येसर लेकीला धाडलं नसतं तर? तिच्या लेकीच्या घरात पाळणा हलला नसता तर? मी त्या बाळाला झबलं शिवून पाठवणार आहे. माझं पहिलं गिऱ्हाईक आणणारं तेच.

३१ मार्च

काल पाडवा, आज ईद. काल आमच्याकडून पुरणपोळी गेली, आज रहमतबीकडून शिरखुर्मा आला. वाटी माझीच होती, मागं येसर भरून दिलेली. मी म्हटलं, "आता परत कवा देऊ?" ती म्हणाली, "काहून देतीस? राहू दे फिरत."

आरोहीनं पाकिटावर चिकटवायला कागद छापून आणला आहे. वर लिहिलंय, 'द्वारका येसर'. नाव मीच सांगितलं. आत्याबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "माझं नाव पाकिटावर? उद्या फाडून उकिरड्यावर टाकतीन लोकं." पण कागद त्यांनी उशीखाली ठेवला. आरोहीनं पाहिलं म्हणे. मी विश्वास ठेवला नाही.

८ एप्रिल

भीमसिंगांच्या लग्नाचं येसर तयार! सगळं घर खमंग झालंय. हातात होतं नव्हतं ते या मालात घातलं. आरोहीनं पाकीट चिकटवायचं मशीन आणलं आहे. दाबलं की चर्र होतं आणि पाकीट बंद. साहेब म्हणालेच होते, पॅकिंग म्हणजे धंद्याचं तोंड.

गिरणीतून आणलं तसं लगेच बसून सगळी पाकिटं भरली. हाताला चटका लागत होता, पण उद्या सकाळच्याच जीपनं अर्धा माल धर्मसिंगकडे पोचवायचा होता. धर्मसिंगनं घाई केली नव्हती, मीच केली. शिस्त दाखवायची होती.

आज वाटी घेऊन आलेल्यांनाही वाटीत दिलं नाही. प्रत्येकीला पाकीट दिलं. जळबाची माय पाकीट उलटंसुलटं करून बघत राहिली. मला फार भारी वाटलं.

१३ एप्रिल



सकाळी जळबाची माय आली. हातात ते पाकीट. नेहमीसारखी आरडाओरडा करत आली नाही, हळू आली, तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. म्हणाली, "जनके, रागावू नको. वाटीतलं बरं व्हतं. पाकिटातलं कुबट येऊन राहिलं."

मी पाकीट फोडलं. आत गोळे झालेले. वास ओल्या पोत्यासारखा. पुढच्या खोलीत जाऊन एकामागून एक पाकिटं फोडत गेले. सगळ्यांत तेच. गरम येसराची वाफ आतल्या आत कोंडली होती. आत्याबाई दळून आणलेलं येसर आधी कापडावर पसरतात, पुरतं गार होऊ देतात, मगच डब्यात भरतात. इतकी वर्षं मी हेच बघितलं, हेच केलं. मशीन आलं आणि विसरले.

आरोहीचे पप्पा दुपारी जेवायला आले. म्हणाले, "ऊन दे त्याला. शेकडो माणसांच्या आमटीत कोणाला कळणार हाय? थोडं नवं घाल न् मिसळ." मी म्हटलं न्हाई. त्यांनी परत समजावलं. मी परत म्हटलं न्हाई, आणि पाकिटं उकिरड्याकडे ओढत नेली. ते मागं मागं आले आणि काही न बोलता दुसरं टोक धरलं.

मग धर्मसिंगला फोन. आरोही फोनवर म्हणत होती, "आई, आधी नवीन कर, मग गुपचूप बदलून आण." पण लेकरू हिंगोलीत आहे, तिला काय माहीत, धर्मसिंगनं आज संध्याकाळीच कुठं वापरलं तर? कुणाच्या पंगतीत कुबट आमटी वाढली गेली तर? मी फोन लावला आणि सांगितलं, माझा माल खराब निघालाय, वापरू नका.

तो म्हणाला, "मावशी, ये क्या बात हुई? मी तुमच्या भरवशावर बसलो." मी म्हटलं, चूक माझीच आहे. तो म्हणाला, "सतरा तारखेला माल नाही आला तर मी तयार मसाला घेतो. मला भीमसिंगांना तोंड दाखवायचं हाय." आणि फोन ठेवला.

नवीन माल करायला घरात धने नाहीत, खोबरं नाही, मिरची नाही, आणि आणायला हातात काही उरलेलं नाही. खोली गेली, असं धरून चालते. पण जळबाच्या मायचे उपकार मानले पाहिजेत. जिला खोली पाहिजे तीच बाई येऊन सांगून गेली. गप्प बसली असती तर तिच्या पोराचं दुकान आपोआप लागलं असतं. आणि ती वाडगा घेऊन यायची तेव्हा मी तिला मनात काय काय म्हणत होते.

१४ एप्रिल

जळबाची माय म्हणजे गावाचा भोंगा. काल माझ्याकडून निघाली ती घराघरात सांगत गेली.

आज उजाडताच गल्लीतली एक बाई आली. हातात माझी स्टीलची वाटी. म्हणाली, "तुही वाटी परत द्यायची राहिली व्हती. रिकामी कशी देऊ?" वाटीत धने होते.

मी धने बघितले आणि तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "बघत काय राहिली? भाजायला घे."

मग येतच गेल्या. प्रत्येकीच्या हातात माझी वाटी. पण वस्तू वाटीत मावणाऱ्या नव्हत्याच. कुणी बाजरीनं भरलेल्या पाटीवर वाटी ठेवून आणली. कुणी मिरच्यांचं बोचकं, वर वाटी. एकीची साखरा गावात दिलेली लेक माहेरी आली होती, तिनं हरभऱ्याची डाळ आणली, वाटी तिच्या मायची. जळबाच्या मायनं वाडग्यात खोबऱ्याच्या वाट्या रचून आणल्या, देवापुढं ठेवाव्या तशा. मला रडू आलं. दारातच रडले. ती म्हणाली, "रडू नको, खोबरं भिजंल."

मग त्या भाजायला बसल्या आणि भांडण पेटलं. एक म्हणे बाजरी जास्त घाल, एक म्हणे आमच्याकडे लवंग घालतच नाहीत, तिसरी न विचारता कढईत सुंठ टाकायला निघाली. मी तिचा हात धरला. ओरडलेच, "हे माह्यं येसर हाय! तुमचं तुमच्या घरी! धने भाज म्हटलं की धने भाज, माझ्याकडं बघत बघत भाज, मी म्हनंन तवा उतरव!"

सगळ्यांचे हात थांबले. मला वाटलं, झालं, आता उठून जातील. पण जळबाची माय म्हणाली, "बरं बरं, मालकीणबाई," आणि सगळ्या खो खो हसत परत कामाला लागल्या, मी सांगितलं तसंच. आपलं घर सोडून आलेल्या बायांवर मी खेकसले. त्यांच्या जागी मी असते तर कढई पालथी करून गेले असते. त्या थोर आहेत म्हणून निभावलं.

१५ एप्रिल

रहमतबीनं आज दिवसभर दुसऱ्या कुणाचं दळण घेतलं नाही. गिरणीच्या दाराला खाट आडवी लावली आणि माझंच दळलं. भाई बाहेर बसून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "आज लग्नघर हाय."

दळून घरी आणलं तेव्हा ते गरमच होतं. पसरायचं कशावर? माझ्या पातळांना निळीचा, साबणाचा वास. तेवढ्यात आत्याबाई त्यांची पेटी उघडताना दिसल्या. त्यांनी एक जुनं नऊवारी लुगडं काढलं. धुऊन धुऊन मऊ झालेलं. अंगणात सावलीला अंथरलं, चारी कोपऱ्यांवर पाट ठेवले. खोलीकडे बघितलंसुद्धा नाही. मी येसर पसरलं. त्या बाजूला बसून हातानं हळूहळू वाट पाडत राहिल्या, वाफ निघावी म्हणून.

मग म्हणाल्या, "गार होऊ दे. येसर असू दे न्हाई तर माणूस, गरम असतानी डब्यात कोंबू नये."

मी म्हटलं, "व्हय आत्याबाई."

१७ एप्रिल

माल पोचला. पाकिटं केली नाहीत, मोठ्या डब्यांत भरून तोंडाला फडकी बांधली. आरोहीच्या पप्पांनी आज जीपमध्ये पुढच्या सीटवर कुणाला बसू दिलं नाही. तिथं डबे. मी मागं, दाटीत.

धर्मसिंग हसला नाही. फडकं सोडलं, वास घेतला, चिमूटभर जिभेवर ठेवलं. माझा जीव त्या चिमटीत. मग विचारलं, "पाकीट काहून न्हाई केलं? तुमचं मशीन होतं ना?"

मी म्हटलं, "अजून एक दिवस हवा लागू द्या. तुमी पण झाकण घट्ट लावू नका."

तेव्हा हसला. पण पसंत आहे असं म्हणाला नाही. लग्नाला या, एवढंच म्हणाला.

२४ एप्रिल

सेनगावला लग्न. मी आणि रहमतबी दोघी गेलो. ती म्हणाली, दळण माझं आहे, मला बघायचंय. मंडपाच्या मागं, चुलवणाजवळ आम्ही उभ्या. आमटीला उकळी आली आणि वास सुटला तेव्हा रहमतबीनं माझा दंड इतका दाबला की अजून दुखतो आहे.

मी पंगतीत फिरत होते, पण कुणाच्या तोंडाकडे बघण्याची हिंमत झाली नाही. खाली द्रोणांकडेच बघत होते. रिकामे द्रोण. परत भरले, परत रिकामे. एक म्हातारे वाढप्याला म्हणाले, "पोरा, भात राहू दे, आमटी आण." भीमसिंगांनी धर्मसिंगला हाक मारून विचारलं, येसर कुठलं. धर्मसिंगनं माझ्याकडे बोट केलं आणि मी रहमतबीच्या मागं लपले. म्हणे धाडस.

शेवटची पंगत उठल्यावर धर्मसिंग आला. म्हणाला, "मावशी, इथून पुढं सगळ्या लग्नांचं येसर तुमचं. आणि तुमच्या मालाचे डबे मी उघडून बघणार नाही."

मला हे काही आवडलं नाही. मी म्हटलं, "न्हाई, उघडून बघत जा. माझ्याकडून परत चूक झाली तर?" तो रहमतबीकडे बघून हसायला लागला. तीही हसली. काय गंमत होती कोण जाणे.

येताना जीपमध्ये मी सगळ्यांची नावं घेत होते, कुणी काय आणलं ते. एकही नाव सुटू नये. सुटलं तर पाप लागेल.

२६ एप्रिल

आरोहीचे पप्पा हसतच घरी आले. जळबा त्यांना स्टँडवर भेटला आणि म्हणाला, काका, खोली नको. त्याची माय म्हणून राहिली, "जनकाच्या खोलीत दुकान टाकलंस तर तुह्या ताटात आमटी न्हाई पडणार." जळबा शाळेच्या बाजूला दुसरी जागा बघतो आहे.

ती बाई हट्टी आहे म्हणून माझी खोली वाचली. हट्टी माणसाचा असा उपयोग होतो. मी आज तिला बोलावून येसर दिलं, वाडगाभर. तिनं विकत घ्यायचं नाटक केलं, पदराची गाठ सोडायला लागली. मी म्हटलं, गाठ बांध. 'नाही' म्हणणं मला अजून जमत नाही, पण आता त्याचा तितका राग येत नाही.

धर्मसिंगनं माझा मोबाइल नंबर आणखी दोन आचाऱ्यांना दिला आहे. वसमतचा एक, कळमनुरीचा एक.

२८ एप्रिल

प्रशिक्षणाच्या साहेबांचा फोन आला. कुणाकडून तरी कळलं त्यांना. म्हणाले, नव्या बॅचला येऊन सांगा, तुम्ही कोणकोणते गुण वापरले. मी म्हटलं, "साहेब, गुण काहीच न्हाईत माह्यात. मी भित्री, भांडखोर, वेंधळी. माणसं चांगली भेटली." आणि त्यांना सगळं सांगितलं, वाट्यांसकट.

ते म्हणाले, "अहो, म्हणजे नेटवर्किंग."

मी म्हटलं, "न्हाई साहेब, वाट्या."

ते हसले. माझ्याबरोबर सगळेच हसतात हल्ली. भले माणूस आहेत, डायरी त्यांनीच दिली. त्यांना येसर पाठवायचं आहे, चांगलं गार करून.

३० एप्रिल

अक्षय तृतीया. पाण्यानं भरलेला मातीचा घट पुजला, पितरांना नैवेद्य. आजची मुदत होती, पण खोलीचं नावही कुणी काढलं नाही. आरोहीचे पप्पा सकाळी खिळे-हातोडी घेऊन आले आणि दारावर पाटी ठोकून गेले. 'द्वारका येसर'. जरा वाकडी लागली आहे. मी म्हटलं, छान.

स्वयंपाकाच्या आधी मी खोलीत डबे पुसत होते. खिडकीशी सावली आली. बघते तर आत्याबाई. रस्त्याकडच्या बाजूनं, शेजारणी येतात तशा. डोक्यावर पदर, हातात पितळी वाटी. त्यांच्या लग्नातली आहे ती.

म्हणाल्या, "वाटीभर येसर दे गं. पितरांच्या आमटीला."

मी म्हटलं, "आत्याबाई, घरातलंच हाय की. आत या, घ्या हातानं."

"न्हाई. तू दे."

मी दिलं. वर दाबून भरलं, शीग लावून. त्यांनी वाटीकडे बघितलं, पाटीकडे बघितलं, आणि गेल्या. पाटीवरचं नाव वाचता येत नाही त्यांना, पण खूप वेळ बघत होत्या.

आज आमटी त्यांनीच केली. मी घराचा स्वयंपाक हातात घेतल्यापासून त्यांनी चुलीला हात लावला नव्हता. पितरांचं झालं, आणि त्या तीच पितळी वाटी घेऊन आल्या. आमटीनं भरलेली. आणि आज पहिल्यांदा खोलीचा उंबरा ओलांडून आत आल्या. पोत्यावर टेकल्या. म्हणाल्या, "रिकामी वाटी कशी देऊ? खा. आधी तू."

सून म्हणून या घरात आल्यापासून माझ्याआधी सगळे जेवले आहेत. मी वाटी तोंडाला लावली.

मीठ दुप्पट पडलं होतं. आत्याबाईंना आता चव कळत नाही, की अंदाज चुकला, की दोनदा घातलं, देवाला ठाऊक. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी सगळी आमटी प्यायले, थेंब ठेवला नाही, आणि म्हटलं, "आत्याबाई, अशी आमटी माह्या हातानं जलमात होणार न्हाई."

साहेब, फळ्यावरचा गोड बोलण्याचा गुण आज मला एकदाचा जमला. लिहून ठेवते.

पितळी वाटी घासून, पुसून खोलीत फळीवर ठेवली आहे. उद्या त्यांना परत द्यायची. तिच्यात काय घालून द्यावं, याचाच विचार करत बसले आहे.